आडवी विहीर

पूनमसिंग राठोड पाणी पाहायचा. उमरखेडच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याच्या उतारावर वाघझरी तांडा आहे, तिथला तो. डाव्या तळहातावर शेंडीचा नारळ आडवा ठेवून तो अनवाणी शेत तुडवत जायचा आणि एखाद्या जागी नारळ हळूच उभा व्हायचा. तिथं चुन्याची फुली मारायची, मग बोअरची गाडी बोलवायची. चाळीस-पन्नास गावांत त्याच्या फुल्या होत्या. सगळ्याच फुलीखाली पाणी लागलं असं नाही. पण जिथं लागलं तिथले लोक त्याचं नाव घेत, आणि जिथं नाही लागलं तिथले स्वतःच्या नशिबाला बोल लावत. त्यामुळे त्याचं नाव टिकून होतं.

स्वतःच्या तांड्याला मात्र पाणी नव्हतं. नाल्याकाठी एक जुनी विहीर होती, ती दिवाळीनंतर तळ दाखवायची. मग बायका दीड कोस चालून खालच्या गावातल्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवर जात आणि त्याच्या मोटारीची वेळ सांभाळत हंडे भरत. पूनमसिंगची बायको मानीबाई सगळ्यांसमोर म्हणायची, "गावोगाव पानी दाखवते हा मानूस, अन् माह्या डोक्यावरचा हंडा काही उतरला नाही." म्हणायची हसत, पण त्याला ते लागायचं.

शेवटी पंचायतीनं बोअर मंजूर केली, तेव्हा जागा त्यानंच दाखवली. घरांच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या अलीकडे. पाणी नव्वद फुटांवर लागलं आणि असं उसळलं की गाडीवरची माणसं भिजून गेली. टाकी बसली, नळ बसला. फाल्गुनातल्या एका सकाळी सगळा तांडा नळापाशी जमला. पूनमसिंगनं नारळ फोडला, गूळ वाटला, आणि लोकांनी पहिला घोट त्यालाच घ्यायला लावला. मग बाकीचे प्यायले.

देवीलाल हा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. दोघांनी मिळून गुरं राखलेली. देवीलालची सून रुपाली दिग्रसकडची, लग्न होऊन महिनाभर झालेला. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, तोंडाशी नेलं आणि तोंड बाजूला फिरवून थुंकलं.

"काका," ती पदर सावरत म्हणाली, "याले पेट्रोलचा वास येऊन राह्यला."

बायका हसल्या. नव्या सुनेनं चार माणसांत तोंड उघडावं, तेही हे बोलायला. सगळे पूनमसिंगकडे पाहू लागले.

"नवी बोअर हाये पोरी," तो म्हणाला. "पाइपाचा वास हाये. चार दिवसांत निंगून जाईन."

रुपालीनं मान खाली घातली आणि दुसरी ओंजळ प्यायली.

वास चार दिवसांत गेला नाही. पण सवय झाली, आणि सवय झाली की वास येत नाही. दीड कोसाची पायपीट संपली होती. बायका दुपारी जरा आडव्या होऊ लागल्या. मानीबाईनं दारात जास्वंद लावली.

रुपालीला मुलगी झाली, अंजू. ती दीड वर्षाची असताना रुपालीच्या दंडावर काळेनिळे डाग दिसू लागले. कुठं आदळली नाही, काही नाही. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. चार पावलं चालली तरी दम लागायचा. तिचा नवरा बादल तिला यवतमाळला घेऊन गेला, तिथून नागपूरला. हाडांच्या आत रक्त तयार होतं, ते व्हायचंच बंद झालंय, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी बादलला विचारलं, ही रंगाच्या कारखान्यात होती का, पेट्रोल-रॉकेलशी काही संबंध होता का? बादल म्हणाला, "नाही साहेब. वावरात जाते, घर पाह्यते. दुसरं काही नाही."

आषाढात ती गेली.

त्यानंतर आठ महिन्यांनी, ऐन मार्चात, नाल्याकाठच्या जुन्या विहिरीत तांड्यातलाच घनश्याम मोटार दुरुस्त करायला उतरला. त्या वर्षी पाऊस चांगला झाल्यानं तळाशी अजून पुरुषभर पाणी होतं. त्यानं वायर जोडून पाहिली, ठिणगी उडाली, आणि पाण्यानं पेट घेतला. घनश्याम दोराला धरून वर आला तेव्हा त्याच्या भुवया जळून गेल्या होत्या आणि हातांची सालं लोंबत होती. त्याला दवाखान्यात नेलं, तो वाचला. पण मागं राहिलेली माणसं काठावर उभी राहून खाली पाहत होती. निळसर जाळ पाण्यावर एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत होता. पूनमसिंगही काठावर होता. त्याला कुठंतरी जवळ कोणी थुंकल्याचा आवाज आला. त्यानं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

साहेब लोक आले, बाटल्या भरून नेल्या. नळाला सील लागलं. उत्तर आलं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, पण कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तांड्याच्या वर, रस्त्याला लागून एक पेट्रोल पंप होता. रस्ता रुंद झाला, वळण बदललं, तेव्हा तो बंद पडला. मशिनी नेल्या, छप्पर नेलं, जमिनीखालच्या टाक्या तशाच राहिल्या. त्यातली एक सडली होती, आणि पेट्रोल थेंबाथेंबानं मुरुमात उतरून, घरांच्या खालून सरकत, नाल्याकडे चाललं होतं. बोअरचा पाइप वरच्या थरात नीट बसवलेला नव्हता. त्या फटीतून ते आत जात होतं. पहिल्या दिवसापासून.

तेव्हापासून पूनमसिंगला वास येऊ लागला.

टँकरच्या पाण्याला यायचा. चहाला यायचा. मानीबाईनं धुतलेल्या सदऱ्याला यायचा. तो ताटावरून उठायचा, ती डाळ हुंगून पाहायची आणि म्हणायची, "काहीच तं नाही वो." कधी तो स्वतःचा डावा तळहात नाकाशी नेऊन बसायचा. भर दुपारी, तांडा वावरात गेलेला असताना, त्याला सील केलेल्या नळापाशी रुपाली दिसायची. ओंजळ धरलेली, तोंड बाजूला फिरवलेलं. ती त्याच्याकडे कधी पाहत नसे. तिनं पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. तो नळाची वाट सोडून मागच्या काट्याकुट्यांतून घरी जाऊ लागला.

नारळ त्यानं सोडला. लोक बोलवायला आले की मानीबाई बाहेर येऊन सांगायची, बरं नाही त्यांना. आणखी एक गोष्ट झाली. जन्मभर अनवाणी चालणारा माणूस, आता अंगणातही चपला घालून फिरू लागला. पायाला माती लागली की खाली काहीतरी सरकतंय असं त्याला वाटायचं. तांड्यानं त्याला शिव्या दिल्या असत्या तर त्यानं त्या ऐकून घेतल्या असत्या. कोणी दिल्या नाहीत. बादल रस्त्यात भेटला की पहिल्यासारखाच 'काका' म्हणायचा. देवीलाल मात्र गप्प झाला. भांडण नाही, तंटा नाही. समोरून आला की तो जमिनीकडे पाहत निघून जायचा. दीड वर्ष असं गेलं.

मग वरून हुकूम झाला आणि जमीन साफ करणारी एक कंपनी आली. कामावरची इंजिनिअर यवतमाळची, समीक्षा नावाची, तिशीच्या आतली. तिनं देवळासमोर सगळ्यांना बसवलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. वर काळी माती, खाली मुरुम, मुरुमात पाणी आणि पाण्यावर तरंगणारं पेट्रोल.

"हे काढायचं तर एक रस्ता म्हणजे सगळी माती उकरून न्यायची," ती म्हणाली. "मग बावीस घरं पाडावी लागतील. दुसरा रस्ता, जागोजाग उभ्या विहिरी घ्यायच्या. पण तुमच्या गल्लीत मशीन शिरत नाही, आणि उभी विहीर फार तर आपल्या भोवतीचं ओढते. म्हणून आम्ही आडवी विहीर घेणार आहोत."

"विहीर आडवी कशी राहीन?" एका म्हातारीनं विचारलं.

"पंपाच्या जागेवरून मशीन तिरपं आत शिरेल, याडी. वीस फूट खाली गेलं की आडवं होईल. घरांच्या खालून सरळ जाईल आणि नाल्यापाशी वर निघेल. मग त्या भोकातून बारीक चिरा पाडलेला पाइप उलटा ओढून घ्यायचा. पेट्रोल पसरलंय लांबलचक, पाइपही तितकाच लांब. त्यातून वाफ आणि पाणी ओढत राहायचं. घराची एक वीटही हलणार नाही."

मग ती म्हणाली की खाली काय काय आहे ते तिला माहीत असायला हवं. बुजवलेली विहीर, जुना शोषखड्डा, मोठा दगड. यंत्राच्या तोंडासमोर असलं काही आलं तर ते भरकटतं. असं सगळं माहीत असलेलं कोणी आहे का?

मागच्या रांगेतून देवीलाल बोलला. "पूनमसिंगले विचारा. त्याले या जागेचं समदं ठाऊक हाये."

पूनमसिंग देवळाच्या भिंतीआड उभा होता. दीड वर्षात देवीलालच्या तोंडून त्यानं आपलं नाव ऐकलं नव्हतं. तो पुढं आला, कागद समोर घेतला आणि बोटानं दाखवू लागला. इथं निजामाच्या वेळची बुजलेली विहीर. इथं काळा पाषाण वर आलाय. इथं दोन खड्डे.

काम सुरू झालं. यंत्र पंपाच्या जागेवर रस्त्याकडून लागलं, सळईमागून सळई जोडत तिरपं आत शिरलं. तोंडाशी एक छोटं उपकरण होतं, ते जमिनीतून खूण पाठवायचं. गोपाल नावाचा माणूस हातात पिवळा डबा घेऊन वरून चालायचा. डबा सांगायचा, तोंड आत्ता कुठं आहे, किती खोल आहे. गोपाल ते वायरलेसवर यंत्रवाल्याला कळवायचा, मग तो तोंड डावीउजवीकडे वळवायचा. पूनमसिंग गोपालच्या पुढं चालून जागा दाखवायचा. गोपाल एकदा म्हणाला, "काका, तुम्ही नारळ घेऊन हेच करायचे म्हणे."

"मी काय करत होतो, ते माहं मलेच ठाऊक नाही," पूनमसिंग म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तोंड देवीलालच्या घराखाली आलं.

वरून वाचायचं तर डबा आत, घरात न्यायला हवा. पण टिनाच्या छपराखाली वायरलेस लागेना. एकानं आत उभं राहून आकडा सांगायचा आणि दुसऱ्यानं अंगणातून पुढं कळवायचा, असं ठरलं. गोपालनं डबा पूनमसिंगच्या हातात दिला. "हिरवा दिवा लागला की थांबायचं, काका. खाली आकडा येतो तो मोठ्यानं वाचायचा."

पूनमसिंग उंबऱ्याशी आला आणि सवयीनं चपला काढल्या. मग त्याच्या ध्यानात आलं, आपण अनवाणी आहोत. शेणानं सारवलेली जमीन तळव्यांना थंड लागली.

घरात देवीलाल एकटाच होता, बाजेवर बसलेला. बादल वावरात गेला होता, अंजू आजीबरोबर शेजारी. आतली खोली रुपालीची. भिंतीवर तिचा फोटो, त्याखाली छोटा आरसा, आरशाच्या कडेला चार टिकल्या चिकटवलेल्या. त्या कोणी काढल्या नव्हत्या. पूनमसिंग आरशासमोर आला आणि डब्यावर हिरवा दिवा लागला.

"सहा मीटर दहा," तो ओरडला.

अंगणातून गोपालनं पुढं सांगितलं. काही क्षणांनी जमीन थरथरली. फार नाही, दूरवर जातं फिरावं तितकी. ती थरथर तळव्यांतून पोटऱ्यांत चढली. आयुष्यभर लोकांना तो सांगत आला होता की खालचं पाणी मला पायाला कळतं, आणि आज पहिल्यांदा खाली खरंच काहीतरी चाललं होतं. आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं, आणि खांद्यामागं, दाराच्या उजेडात, कोणीतरी तोंड फिरवून उभं असल्यासारखं वाटत होतं. मागं वळायची त्याची हिंमत झाली नाही. तो आरशाकडेच तोंड करून बोलला.

"देवीलाल, त्या दिवशी मलेही आलता वास."

मागं बाज करकरली.

"पहिल्याच घोटाले आलता. पेट्रोलचाच. मले समजलं. पन मी जागा दाखवली होती, एवढी मान्सं जमली होती, गूळ वाटून झाला होता. मी खोटं बोललो. अन् मग तिनं पेलं."

"माहीत हाये," देवीलाल म्हणाला.

पूनमसिंग वळला. दारात कोणी नव्हतं. देवीलाल बाजेवर तसाच बसला होता, हात गुडघ्यांवर.

"तुले कसं माहीत?"

"तू घोट घेतला अन् तुये डोये मिटले. मी तुयाकडंच पाहून राह्यलो होतो. मलेही आलता वास. बादलच्या मायलेही आलता. घरी आल्यावर ती मले म्हने, पोरगी खरं बोलून राह्यली. मी म्हन्लं, चूप बस. दीड कोस कोन जाईन आता? पूनमसिंग म्हनते का जाईन वास, तं जाईन." त्यानं नाक ओढलं. "समद्याइले आलता. घरोघरी इचारून पाह्य. ती एकटीच बोलली."

"मंग माह्यासंग बोलनं काहून सोडलं?"

"तुयासंग काय बोलू? तुले पाह्यलं का मले तिची दुसरी ओंजळ दिसे. मी शेजारीच उभा होतो. हात धरला असता तं..."

अंगणातून गोपालची हाक आली. "काका, आकडा?"

पूनमसिंगनं डब्याकडे पाहिलं. त्याला आकडे धूसर दिसले. देवीलाल उठला, जवळ आला, डोळे बारीक करून त्यानं वाचलं आणि दाराकडे तोंड करून स्वतःच ओरडला, "सहा मीटर पंधरा."

मग ते दोघं डबा धरून पाऊल-पाऊल मागच्या भिंतीपर्यंत गेले. खालची थरथर त्यांच्याबरोबर सरकत गेली आणि भिंतीपलीकडे निघून गेली.

चौथ्या दिवशी यंत्राचं तोंड नाल्याच्या काठाला, ठरल्यापेक्षा हातभर डावीकडे, चिखलातून बाहेर आलं. तिथं पाइप जोडला आणि सबंध लांबीचा तो पाइप एका दिवसात उलटा ओढून घेतला. पंधरवड्यानं शेजारून दुसरी आडवी विहीर झाली. पंपाच्या जागेवर शेड उभी राहिली. आत हवा ओढणारं यंत्र, पाणी वेगळं करणारी टाकी, आणि वाफ गाळायला कोळशाचे ड्रम. पहिल्या महिन्यात टाकीच्या काचेच्या नळीत पाण्यावर पेट्रोलचा वीतभर थर दिसायचा. बायका येऊन तो पाहून जात.

शेड सांभाळायला समीक्षानं पूनमसिंगला ठेवलं. एकदा त्यानं तिला विचारलं, "मॅडम, रुपालीचं याच्यानंच झालं काय?"

"पेट्रोलमधला एक भाग रक्तावर जातो, हे खरं आहे काका. पण एका माणसाबद्दल खात्रीनं कोणीच सांगू शकणार नाही. मीही नाही, डॉक्टरही नाहीत."

त्याला वाटलं होतं, हो म्हणाली तर एकदाचं संपेल, नाही म्हणाली तरी संपेल. तिनं दोन्ही केलं नाही, आणि तिचं म्हणणं खरं होतं, हेही त्याला कळत होतं.

देवीलाल संध्याकाळी शेडवर येऊन बसू लागला. यंत्राची घरघर दिवसरात्र चालायची. घराघरांत, भिंतींत, हंड्यांत ती मुरली. झरी जामणीकडून एक माणूस नारळ घेऊन आला होता, त्याच्या वावरात जागा दाखवा म्हणून. पूनमसिंगनं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "जागा कोनीही दाखवीन. पानी लागलं का आधी तपासून घे. अन् घरातलं कोनी म्हन्लं का वास येते, तं आयकून घे." तो माणूस नारळ घेऊन परत गेला.

दोन वर्षांनी तपासणीच्या चार जागांपैकी तीन साफ निघाल्या. समीक्षा म्हणाली, आता यंत्र एक महिना बंद ठेवून पाहू. मातीत काही दडून बसलं असेल तर ते पुन्हा वर येईल.

पूनमसिंगनं बटण बंद केलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. घरघर थांबली आणि तांड्यावर अशी शांतता पडली की बायका हातातलं काम टाकून दारात आल्या. कुत्री उठून उभी राहिली. तो पूर्ण महिना लोक दबक्या आवाजात बोलत होते, जणू घरात कोणी आजारी निजलंय. पूनमसिंगला शेडवर काम नव्हतं, तरी तो जाऊन बसायचा. आवाज नसल्यामुळे त्याला नळापाशी पाण्याचा थेंब पडल्यासारखं ऐकू यायचं. नळ कधीचा सील होता.

महिन्यानं समीक्षा आली, बाटल्या भरून घेऊन गेली. आठवड्यानं तिचा फोन आला. तीन जागा तशाच साफ होत्या. चौथीचा आकडा पुन्हा चढला होता.

"कोनती?" त्यानं विचारलं, जरी त्याला ठाऊक होतं.

"देवीलालकाकांच्या घरामागची. तिथं मुरुम घट्ट आहे, त्यात धरून बसलंय. आणखी दोन वर्षं तरी चालवावं लागेल, काका. सुरू करा."

त्यानं फोन खिशात ठेवला. देवीलाल बाकावर बसला होता. त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं फक्त विचारलं, "माह्या घराखाली?"

"हो."

देवीलालनं मान हलवली आणि उतारावरच्या आपल्या टिनाच्या छपराकडे पाहिलं. मग म्हणाला, "लाव मंग."

पूनमसिंगनं बटण दाबलं.